मागे येण्याआधीचा आवाज

रोज सकाळी अब्बांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला की बिल्किस गप्प बसून राहायची. अब्बा, म्हणजे मीरासाहेब, उशाजवळच्या डबीतून कानातली यंत्रं काढायचे, त्यांवर हलकी फुंकर मारायचे, मग एक उजव्या कानात, एक डाव्या. यंत्र चालू झालं म्हणजे लगेच ऐकू येतं असं नाही. थोडा वेळ आत नुसती पोकळी असते, मग एक बारीक सूर वाजतो. तो फक्त त्यांनाच ऐकू यायचा. बाहेरून दिसायचं ते एवढंच, की त्यांच्या कपाळावरची आठी सैल पडायची आणि ते म्हणायचे, "हां, बोल बेटा." मग बिल्किस बोलायला सुरुवात करायची. दुपारी कोणती गोळी, संध्याकाळी कोण येणार, भाजीला काय सांगितलंय. तिच्या भावाला हे कधी जमलं नाही. तो दारातून बोलतच आत यायचा आणि अब्बा लक्ष देत नाहीत म्हणून चिडायचा.

मीरासाहेबांचे कान पिंपरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेले. लोखंडाच्या पत्र्यावर दिवसभर घाव पडत, आणि त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला लोक हसत. कान गेले, पण त्या पगारावर रहाटणीतलं घर उभं राहिलं आणि बिल्किस शिकली. आधी डिप्लोमा, मग नोकरी करता करता डिग्री. मधे एक लग्न झालं, ते टिकलं नाही. त्याविषयी ती कुणाशी बोलत नसे आणि विचारणाऱ्यालाही दुसऱ्यांदा विचारावंसं वाटत नसे. आता चाळिशीत ती चाकणच्या एका कंपनीत होती. ही कंपनी गाड्यांना लागणारे आवाजाचे डबे बनवायची. विजेवरच्या गाड्या चालताना आवाज करत नाहीत, म्हणून त्यांना बाहेरून आवाज द्यावा लागतो, तो देणारे डबे.

त्या डब्यांतला ड्रायव्हर बिल्किसचा. ड्रायव्हर म्हणजे डब्याचा मेंदू आणि आवाजाची चिप यांच्या मधे उभा असलेला छोटा प्रोग्रॅम. मेंदू म्हणतो, आवाज कर. ड्रायव्हर तो आवाज चिपच्या हाती देतो. पण चिप त्या वेळी जागी आहे की झोपलेली, हे मेंदूला आपणहून कळत नसतं. बॅटरी वाचावी म्हणून चिप काम नसलं की झोपते, आणि झोपलेल्या चिपच्या हाती दिलेला आवाज सांडून जातो. आवाज सांडला याची नोंद कुठेच होत नाही. मेंदूच्या लेखी आवाज झालेला असतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीकडे एक तक्रार आली. पिंपळे सौदागरमधल्या एका मोठ्या सोसायटीने कचरा गोळा करायला विजेवरची छोटी गाडी घेतली होती, तिच्यात कंपनीचा डबा होता. अशा गाड्यांची मोठी ऑर्डर लवकरच निघणार होती. चाचणीच्या पहिल्या काही गाड्यांतली ही एक. गाडी मागे घेताना कचरा वेचणाऱ्या बाईला धक्का लागला, ती गाडीकडे पाठ करून बादली उचलत होती. ती पडली, गुडघा आणि कोपर सोलवटलं, हाड वाचलं. कंपनीचा माणूस जाऊन पाहून आला. मागे जाताना आवाज येतो, व्यवस्थित येतो, बाईला कमी ऐकू येतं, असं त्याने लिहून दिलं. विभागाचे प्रमुख गणराज यांनी मीटिंगमध्ये ते वाचलं आणि विषय संपला म्हणून पुढचा घेतला.

बिल्किसचा विषय तिथेच संपला नाही. बहिऱ्या माणसाबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. अब्बा रस्त्यावरून चालताना चार पावलं टाकली की मागे वळून बघत, कोपऱ्यावर थांबत, गाडी उभी असली तरी तिच्या मागून न जाता वळसा घालून जात. ज्याला ऐकू येत नाही तो कानांवर विसंबून उभाच राहत नाही. गाडीकडे पाठ करून जी बाई निवांत बादली उचलत होती, तिला ऐकू येत असलं पाहिजे.

शनिवारी सकाळी ती चालतच सोसायटीत गेली. बारा मजल्यांच्या इमारती, मधे आखीव झाडं, आणि फाटकाजवळच्या खोलीत चेअरमन दादासाहेब. ही जमीन एके काळी त्यांच्याच घराची. ऊस होता, मग इमारती झाल्या, आणि दादासाहेब चेअरमन झाले. पण पहाटे उठून सगळ्या आवारातून एक फेरी मारायची सवय शेतावरचीच राहिली होती. बिल्किसने कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली. गाडीविषयी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. बाईविषयी होतं.

"मंजुळाबाई मानूस चांगली हाय, ताई. पन वय झालं, कान गेलं. उद्या चाक अंगावरून गेलं तर मी कुनाला तोंड दाखवू? पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई लावा म्हनून सांगितलंय ठेकेदाराला."

"तिला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं? ती न्हाईच म्हननार."

मंजुळाबाई तिसऱ्या इमारतीच्या मागे ओला कचरा वेगळा करत होत्या. साठीच्या आतबाहेरची बाई, परभणीकडची, पातळाचा काचा घट्ट मारलेला, कोपराला जुन्या ओढणीची पट्टी. बिल्किस त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर थांबली आणि शेजारच्याशी बोलावं तितक्याच आवाजात म्हणाली, "मावशी, जरा बोलायचं होतं." मंजुळाबाई लगेच वळल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हात न थांबवता. फाटकाच्या आत गाडीचं गाणं बंद ठेवतात, वरच्या लोकांची मुलं झोपलेली असतात म्हणून. प्रत्येक इमारतीपाशी गाडी गप्प उभी राहते, बादल्या रिकाम्या होतात, मग चालक ती मागे घेतो. बाकीच्या गाड्या आधी ओरडतात, मग हलतात. ही उलटी.

"माझे कान साबूत हायती बाई. लोकायला वाटतं म्हातारी झोपली होती. गाडी आधी ढकलली मला, आन मग ओरडली. कुणाला सांगू? गाडीपेक्षा माझं खरं कोण धरील?"

बिल्किसने या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबा, असं दादासाहेबांकडून कबूल करून घेतलं. त्यांनी कबूल केलं ते तिच्या शब्दाखातर नव्हे. नवी बाई पहिल्या तारखेशिवाय येणारच नव्हती म्हणून.

सोमवारी ती सरळ चाचणीच्या टेबलाशी गेली. तिथे ज्योतीराम होता. खेडजवळच्या गावचा, कंपनी सुरू झाल्यापासूनचा. शेडमध्ये कंप्रेसर आणि ड्रिलचा इतका गोंगाट असे की स्पीकर वाजतोय की नाही हे तो कानाने नव्हे, बोटांनी ओळखायचा. दोन बोटं स्पीकरच्या पडद्यावर टेकवून. त्याने तिच्यासमोर पाच-सहा डबे लावून दाखवले. कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं, मग मागे जाण्याचा आवाज. बोटाखाली पडदा थरारला. सगळे पास.

"आता गाणं न लावता नुसतं मागं घेऊन दाखव," बिल्किस म्हणाली.

ज्योतीरामचा हात थांबला. तो जरा हसला, आणि मग हसणं सोडून सांगू लागला. नवी गाडी, नवा डबा पहिल्यांदा कधी मागे घ्यायचा नाही. शोरूममधून बाहेर निघणारी गाडीसुद्धा लिंबावरून पुढेच नेतात, अडचणीची जागा असली तर ढकलत वळवतात पण मागे घेत नाहीत. टेबलावर डबा असला तरी डबा गाडीचाच. म्हणून इथे आधी पुढचं गाणं, मग मागचा आवाज. त्याने ज्यांना शिकवलं त्यांनाही तसंच शिकवलं, आणि चाचणीचा क्रमही पुढे तसाच ठरून गेला.

"पहिलंच मागं घ्यायचं म्हंजी कसंतरीच वाटतं, मॅडम. कुनी तरी ती गाडी चालवनार अस्तंय ना."

बिल्किस त्याला हसली नाही. पण तिला एकदम लख्ख दिसलं. गाणं वाजलं की चिप जागी होते, आणि लगेच मागचा आवाज मागितला तर ती जागीच असते. इथे झोपलेल्या चिपकडे कुणी कधी काही मागितलंच नव्हतं. सोसायटीत मात्र गाडी गप्प उभी राहायची, चिप झोपायची, आणि झोपेतल्या चिपकडे आवाज मागितला जायचा.

"बरं, तुझा क्रम मोडू नकोस," ती म्हणाली. "आधी गाणं लाव. मग बंद कर. चहा पिऊन ये. आणि मग मागे घे."

ज्योतीराम चहा पिऊन आला. त्याने पडद्यावर बोटं ठेवली आणि मागे जाण्याची कळ दाबली. बोटं तशीच राहिली. मग उशिरा, कुणी दचकून जागं व्हावं तसा पडदा थरारला. ज्योतीरामने हात काढून घेतला आणि बोटांकडे बघत राहिला.

ड्रायव्हरमध्ये थांबण्याची सोय होती. चिपला उठवायचं, ठरावीक वेळ थांबायचं, मग आवाज द्यायचा. ती वेळ जुन्या चिपवरून मोजून घातलेली. गेल्या वर्षी ती चिप बाजारातून नाहीशी झाली, तिच्या जागी दुसरी आली, आणि ही दुसरी उठायला वेळ लावत होती. बदल मंजूर करताना बिल्किसनेही सही केली होती. त्या दिवशीही टेबलावर आधी गाणंच वाजलं होतं.

गणराज यांना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते मान्य करायला वेळ लावला नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोक्यावर ऑर्डर होती. "मग थांबायची वेळ वाढव आणि विषय संपव," ते म्हणाले. "एका ओळीचं काम आहे."

"किती वाढवू, सर?"

"दुप्पट कर."

"दुप्पट आजच्या उन्हात पुरेल. थंडीत चिप आणखी उशिरा उठते, बॅटरी उतरलेली असली तर आणखी. आणि उद्या पुन्हा चिप बदलली तर? ती उठली की नाही हे आपण तिलाच विचारत नाही, सर. आपण अंदाजाने थांबतो."

विचारायची सोय चिपमध्येच असते. तिच्या आत छोटे छोटे कप्पे असतात, त्यांत ती स्वतःची अवस्था मांडून ठेवते. ड्रायव्हर ते उघडून बघू शकतो, पुन्हा पुन्हा बघू शकतो. किंवा चिपकडून एक तार मेंदूपर्यंत आणता येते. चिप तयार झाली की ती तारेवरून स्वतःच खूण करते. मधल्या वेळात मेंदू आपलं दुसरं काम करायला मोकळा. नव्या चिपला तशी तार होती. घाईत कुणी ती जोडली नव्हती. गणराज यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ऑर्डर निघायच्या आत जमव, एवढंच म्हणाले.

बिल्किसचा पहिला प्रयत्न फसला. तिने चिपचा एक कप्पा उघडून पाहायला ड्रायव्हरला शिकवलं, खूण दिसल्यावरच आवाज द्यायचा असं ठरवलं, आणि ज्योतीरामला बोलावलं. गाणं, चहा, मग मागे. आवाजाची सुरुवात पुन्हा गेली. तिने दुसऱ्या डब्यावर पाहिलं, तिसऱ्यावर पाहिलं. ड्रायव्हर विचारत होता, चिप हो म्हणत होती, आणि आवाज तरीही सांडत होता. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी, वेळ वाढवली असती तर मॅडम एव्हाना घरी गेल्या असत्या, असा टोमणा मारला.  तिने डबा उघडला, चिपच्या पायांना मोजमापाच्या तारा लावल्या आणि मोजणीयंत्राच्या पडद्यावरच्या रेषा बघत बसली.

एक रेष चिपच्या होकाराची होती, एक स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाची. होकाराची रेष झटकन उंच व्हायची. आवाजाची मात्र सपाटच राहायची, आणि बऱ्याच अवकाशाने तिच्यात लाट उठायची. बिल्किसने ते इतक्यांदा पाहिलं की डोळे मिटले तरी रेषा दिसू लागल्या. मग तिच्या लक्षात आलं की ती चुकीचा प्रश्न विचारत होती. तिने वाचलेला कप्पा म्हणत होता, वीज पोचली. वीज पोचल्यावरही चिपला आतलं तिचं घड्याळ स्थिर करावं लागतं, मग आवाजाची वाट मोकळी करावी लागते, आणि या सगळ्यानंतरची, तयार असल्याची खूण वेगळ्याच कप्प्यात होती. चिपने खोटं सांगितलं नव्हतं. तिला विचारलं तेवढंच तिने सांगितलं होतं.

तिने तार जोडली. तयार असल्याची खूण तारेवरून आली की मगच आवाज. ज्योतीरामने गाणं लावलं, बंद केलं, चहाला गेला, परत आला. कळ दाबताच बोटाखाली काही नाही, मग पडदा थरारला, आणि या वेळी आवाज पहिल्या टोकापासून पुरा होता. त्याने मान डोलावली. बिल्किसची नजर मात्र त्या मधल्या रित्या क्षणावर होती. आवाज पुरा येत होता, पण उशिरा येत होता, आणि तेवढ्यात गाडी मागे सरकलेली असणार होती. मंजुळाबाईंना धक्का बसला तो नेमका त्याच क्षणात.

म्हणजे ड्रायव्हर दुरुस्त करून भागणार नव्हतं. गाडीलाच थांबायला सांगायला हवं होतं. डब्याने गाडीला कळवायचं, मी तयार आहे, आवाज सुरू केलाय. आणि ते कळेपर्यंत गाडीने चाक मागे हलवायचं नाही. आणि चिप कधीच तयार झाली नाही तर? मग गाडीने मागे जायचंच नाही, चालकाच्या समोर दिवा लावायचा. गणराज यांनी या वेळी खुर्ची मागे ढकलली. गाडी दुसऱ्या कंपनीची, तिच्या चाकाचा प्रोग्रॅम त्यांचा, त्यांना हे सांगायचं म्हणजे आपला डबा उशिरा बोलतो हे लेखी कबूल करायचं. ऑर्डर हातची गेली तर?

बिल्किस त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज वर गेला नाही. ती म्हणाली, "सर, बाईंचं काम पहिल्या तारखेला जाणार आहे. त्या बहिऱ्या आहेत असं आपण लिहून दिलंय. ते कागदावर आहे तोवर मी दुसरं काही करणार नाही. हे मी त्या गाडीवाल्या कंपनीला फोनवर सांगू, की तुम्ही सांगता?"

गणराज यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ट्रकांची रांग महामार्गाकडे सरकत होती. मग त्यांनी फोन उचलला. पलीकडच्या माणसाने आधी हात झटकले, मग प्रश्न विचारले, मग त्याचा सूर बदलला. त्यांच्याकडेही दोन ठिकाणांहून अशी कुजबुज आली होती आणि ती त्यांनी चालकांच्या माथी मारली होती. चाकाचा बदल त्यांनी केला. तो गाडीत बसवायला, चुकला म्हणून काढायला, पुन्हा बसवायला महिना संपत आला. पहिली दुरुस्त गाडी सोसायटीतच जावी, हे बिल्किसने धरून ठेवलं.

त्या सकाळी दादासाहेब फाटकापाशी आधीच उभे होते. ठेकेदाराची नवी बाई परवा येणार, हे त्यांनी नमस्कारातच सांगून टाकलं. गाडी आत आली, गाणं बंद झालं, तिसऱ्या इमारतीपाशी ती गप्प उभी राहिली. मंजुळाबाईंनी बादल्या रिकाम्या केल्या. बिल्किसने चालकाला सांगितलं, घाई करू नका, गाडी चांगली झोपू द्या. मग ती स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. पाठ गाडीकडे, तोंड इमारतीच्या भिंतीकडे.

दादासाहेब पुढे झाले. "ताई, बाजूला व्हा. असं करत न्हाईत."

"मंजुळामावशी रोज इथंच उभ्या असतात," ती म्हणाली. "मला ऐकू आलं की होते बाजूला."

चालकाने गाडी मागे घेण्याची कळ ओढली. गाडी हलली नाही. एक क्षण आवारात काहीच झालं नाही. वरच्या कुठल्या तरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, झाडावरचा एक पक्षी उडाला. मग आवाज आला, स्वच्छ, पहिल्या टोकापासून. बिल्किस दोन पावलं बाजूला सरली. त्यानंतर चाक हललं.

दादासाहेबांनी चालकाला पुन्हा करायला लावलं. मग गाडी पुन्हा झोपू देऊन आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते स्वतःच मागे उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून, आणि आवाज येताच चपळाईने बाजूला झाले. त्यांनी मंजुळाबाईंकडे बघितलं नाही. रिकाम्या बादलीकडे बघत म्हणाले, "म्हंजी म्हातारीचं खरं व्हतं."

मंजुळाबाई म्हणाल्या, "म्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, दादा. तुमी गाडीला विचारलं."

 खिशातून फोन काढून दादासाहेब फाटकाकडे चालू लागले, आणि जाता जाता ठेकेदाराशी बोलत होते ते सगळ्यांना ऐकू आलं. नवी बाई नको. हाय तीच राहील. न्हाई, कान चांगले हायत तिचे, कुनी सांगितलं तुमाला?

मंजुळाबाईंनी पदर सावरला, कोपराची पट्टी वर ओढली आणि पुढच्या इमारतीच्या बादल्यांकडे निघाल्या. बिल्किसने पिशवी खांद्याला लावली. तिला चाकणला जायचं होतं. ऑर्डरमधल्या बाकीच्या प्रत्येक डब्याला तीच तार जोडायची होती. दोन पावलं जाऊन ती थांबली, पिशवीतली रिकामी बाटली काढली आणि मंजुळाबाईंना म्हणाली, "मावशी, पिण्याचा नळ कुठंय हो इथं? भरून घेते, कंपनीची बस यायची वेळ झाली."